सुका कचरा गाडीपर्यंत जाऊच नये

घरी ओला-सुका कचरा वेगळा केला तरी गाडीत तो एकत्रच होतो, मग हा खटाटोप कशाला, हा नेहमीचा मुद्दा मला अर्धाच पटतो. मुंबई महापालिकेने २०१७ मध्ये २०,००० चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोपेक्षा अधिक कचरा करणाऱ्या संकुलांना ओला कचरा आवारातच जिरवण्यास सांगितले होते. लहान सोसायट्यांवर ती सक्ती नसली, तरी सुक्या कचऱ्यासाठी गाडीवर विसंबून राहण्याचे त्यांनाही कारण नाही. रद्दी आपण पिढ्यान्‌पिढ्या विकत आलो आहोत. तोच भंगारवाला पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या आणि बाटल्याही नेतो, मात्र पिशव्या-बाटल्या धुऊन कोरड्या केलेल्या आणि पुठ्ठा स्वच्छ असावा लागतो, कारण आमटीचे ओघळ लागलेल्या पुठ्ठ्याचा पुन्हा कागद होत नाही (वड्याच्या तेलाने माखलेला कागदही त्यातलाच). सभेत भाषणे देण्यापेक्षा तळमजल्यावर एक पोते ठेवावे आणि विक्रीची रक्कम सोसायटीच्या सफाई कामगारांना द्यावी. वर्गीकरणावर लक्ष ठेवणारे माणूस मग वेगळे शोधावे लागत नाही. थर्माकोल आणि वेफर्सची चकचकीत पाकिटे मात्र भंगारवाला सहसा घेत नाही. तेथे खरेदीच कमी करावी लागेल.