डायना २७: जर्मन की स्कॉटिश, कशी ओळखावी?

जुनी_नळी: नळी सांध्यातून खाली वाकवून भरायची एक जुनी एअर रायफल विकत घ्यायला बघतोय. विकणारा 'डायना २७, जर्मन' म्हणतो. ठशांत काय पाहू? पिस्टनवर चामड्याचा वॉशर असेल तर लगेच बदलावा का?

ठसेतपासनीस: नुसत्या 'डायना' नावावर जाऊ नका. दुसऱ्या महायुद्धानंतर डायनाच्या जर्मनीतल्या रास्टाटच्या कारखान्याची यंत्रे आणि हे नाव युद्धभरपाईत ब्रिटनकडे गेले आणि स्कॉटलंडमध्ये मिल्ब्रो ही कंपनी 'डायना' बनवू लागली. म्हणून ब्रिटनमध्ये जर्मन माल 'ओरिजिनल' नावाने विकला जाई. अमेरिकेत तीच २७ विंचेस्टर ४२७ आणि हाय-स्कोर ८०७ झाली. हे ठसे दिसले तर बंदूक जर्मनच समजा.

खरा पुरावा तारखेचा. सिलिंडरच्या मागच्या टोकाशी, दस्त्याच्या कडेला बारीक आकडे असतात: महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक. '०९ ६४' म्हणजे सप्टेंबर १९६४. पुन्हा काळी केलेल्या बंदुकीत पॉलिशने हे आकडे पुसट होतात, तिरपा टॉर्च मारून बघा. दस्ता मात्र पुरावा धरू नका, तो सहज बदलता येतो.

जुनी_नळी: पंचकोनात 'एफ' आहे. त्यावरून साल कळेल?

ठसेतपासनीस: अंदाज येईल. १९७०नंतर जर्मनीत विकायच्या, साडेसात ज्यूल ऊर्जेपर्यंतच्या बंदुकांवर तो येतो. नसला म्हणून बंदूक जुनी ठरत नाही, निर्यातीचीही असू शकते.

चापदुरुस्ती: वॉशर आधी बदलू नका. चामडे सुकले की आकसते, हवा गळते आणि छर्रा रडतखडत जातो. नळी उघडून, दस्ता खाली ठेवून सिलिंडरच्या पुढच्या टोकाच्या हवेच्या छिद्रात सिलिकॉनच्या चेंबर तेलाचे चार-पाच थेंब सोडा, रात्रभर उभी ठेवा. साधे मशीन तेल नको: दाबाच्या उष्णतेने ते पेटते, धक्क्याने स्प्रिंग आणि वॉशर दोन्ही खराब होतात. मग नळीच्या सांध्यावर टिश्यूची पट्टी ठेवून छर्रा घालून झाडा. पट्टी उडाली तर सांध्याचा वॉशर गेलाय, पिस्टनचा नाही.

युद्धानंतरच्या जर्मन २७च्या चापात पिस्टन अडकवणाऱ्या तीन पोलादी बेअरिंग गोळ्या असतात. पिना ठोकण्याआधी स्प्रिंग कॉम्प्रेसर लावाच, आत दाब असतो. जोडताना गोळ्या घट्ट ग्रीसमध्ये चिकटवा. एक जरी निसटली तर पिस्टन नीट अडकत नाही, आणि चाप न ओढताही बंदूक सुटू शकते. म्हणून छर्रा भरताना नळी एका हाताने घट्ट धरूनच ठेवा.