शाळेतील सर्व मुलांना तपासणीविना जंतनाशक गोळी द्यावी का?

मूळ मत

वर्षातून एक-दोनदा सरसकट जंतनाशक गोळी दिली की मुलांचे कुपोषण हटेल, ही अपेक्षा मला चुकीची वाटते. अल्बेंडाझोल या जंतनाशक औषधाच्या ४०० मिलिग्रॅमच्या एका मात्रेने पोटातले गोलकृमी बहुधा जातात, परंतु त्यांची अंडी ओलसर मातीत वर्षानुवर्षे तग धरू शकतात. त्यामुळे जिथे शौचालय आणि हात धुण्याची सोय नाही, तिथे अनेक मुलांना काही महिन्यांतच पुन्हा जंत होतात. वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यातही अशा सरसकट औषधाने मुलांचे सरासरी पोषण, हिमोग्लोबिन किंवा शालेय प्रगती सुधारल्याचे दिसले नाही. हा पैसा आहार आणि स्वच्छतेवर खर्च व्हावा.

प्रतिसाद १

मी असहमत आहे. त्या सरासरीत जंत नसलेली मुलेही मोजली जातात, त्यामुळे ज्यांच्या पोटात जंतांचा भार मोठा आहे त्यांना झालेला लाभ तीत झाकला जातो. अंकुशकृमी या प्रकारचे जंत आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त पितात, आणि आहारात आधीच लोह कमी असलेल्या मुलाला ही रोजची झीज भरून काढता येत नाही. त्यांच्या अळ्या मुख्यतः अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात, म्हणून केवळ हात धुण्यावर भर देऊन त्या थांबणार नाहीत. प्रत्येकाची शौच तपासणी गोळीपेक्षा महाग पडते आणि तीत सौम्य संसर्ग निसटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २० टक्के किंवा अधिक मुलांत जंत आढळणाऱ्या भागांसाठी वार्षिक मात्रा सुचवली आहे ती उगीच नव्हे. शौचालये बांधून ती वापरात येईपर्यंत आज पहिलीत असलेल्या मुलाने थांबावे काय?

प्रतिसाद २

चाबूककृमी या प्रकारच्या जंतांवर एका मात्रेचा परिणाम तोकडा पडतो, आणि दूषित पाण्यातून येणाऱ्या जिआर्डिया या सूक्ष्म परजीवीचा संसर्ग तर तेवढ्याने बरा होतच नाही. मला काळजी वाटते ती याची, की महिनोन्महिने जुलाब होणाऱ्या मुलाचे पालक ‘शाळेत गोळी दिली आहे’ म्हणून डॉक्टरांकडे जाणार नाहीत.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

सरासरीविषयीचा मुद्दा मला मान्य आहे. तथापि, २० टक्क्यांची अट मानायची, तर पाहणीही ठरावीक काळाने पुन्हा करावी लागेल, आणि गोळीच्या दिवशी प्रत्येक मुलाचे वजन, उंची व हिमोग्लोबिन नोंदवावे लागेल. या नोंदींविना चाललेल्या मोहिमेला माझा विरोध कायम आहे.