मदत हवी आहे: 'लिटल मिस कॉट' ही ऑर्गनवादक कोण? (तातडीचे, रविवारी कार्यक्रम)

सूरपेटी, मंगळवार, रात्री ९.१२

जाणकारांनी कृपया लवकर सांगा, हातात चारच दिवस आहेत.

मामाच्या जॅझच्या तबकड्यांत एक तबकडी आहे, तिच्यावर ऑर्गन वाजवणारीचं नाव 'लिटल मिस कॉट' असं छापलंय. मामाची ती सगळ्यात आवडती. रविवारी त्याची पंचाहत्तरी आहे आणि त्याला या बाईंच्या आणखी तबकड्या द्यायच्या आहेत. पण या नावाने मला दुसरं काहीच सापडत नाही.

दुसरी अडचण. त्यातलं पहिलं गाणं मी ऐकून कीबोर्डवर बसवलंय. मामेभाऊ तेच सॅक्सोफोनवर वाजवणार. दोघांचे कागद शेजारी ठेवले की स्वर अगदी सारखे, आणि एकत्र वाजवायला बसलो की बेसूर. तो म्हणतो माझा कीबोर्ड ट्रान्सपोज झालाय, म्हणजे सगळे सूर सरकवून ठेवलेत. झालेला नाही, तीनदा तपासलाय.

काय करू?

---

नाना_डोंबिवली, ९.३१

सॅक्सोफोन आणि ऑर्गन म्हटलं की डोळे मिटून ऑर्गनवादक जिमी स्मिथ. 'बॅक ॲट द चिकन शॅक' मामांना द्या. एप्रिल १९६० मध्ये एकाच दिवशी ध्वनिमुद्रण झालं आणि त्यातून ही आणि 'मिडनाइट स्पेशल' अशा दोन तबकड्या निघाल्या. स्मिथच्या आधी जॅझमध्ये ऑर्गनला कोणी फारसं विचारत नव्हतं. बाकीची मंडळी त्याच्या मागून आली. मी ३५ वर्षं हेच ऐकतोय, पैसे वाया जाणार नाहीत.

---

तबकडीवेडा, ९.४०

नाना, त्यांनी जिमी स्मिथबद्दल विचारलेलंच नाही.

ताई, तबकडीचं नाव काय? कंपनी कोणती? सॅक्सोफोन कोणाचा? बास कोण वाजवतंय? मागच्या कव्हरवरची वादकांची नावं जशीच्या तशी इथे लिहा, फोटो असेल तर उत्तम.

---

खरखर, ९.५५

जुन्या तबकडीवरून स्वर उतरवताना नव्वद टक्के घोटाळा धुळीचा असतो. डिस्टिल्ड वॉटर, द्रवसाबणाचा एकच थेंब, मऊ फडकं, आणि खाचेच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं कधीच नाही. लेबलवर पाणी जाऊ देऊ नका. सुई किती वर्षांची आहे?

---

सूरपेटी, १०.२०

तबकडी स्वच्छ आहे, मामा जिवापाड जपतो. फोटो लगेच जमणार नाही, कारण तबकडी आणि प्लेअर त्याच्याच घरी आहेत आणि त्याला यातलं काही कळू द्यायचं नाहीये. तो संध्याकाळी फिरायला गेला की मी जाऊन ऐकते.

वहीत उतरवून आणलंय ते असं: 'डिअरली बिलव्हड', ब्लू नोट, स्टॅन्ली टरेंटाइन टेनर सॅक्सोफोन, लिटल मिस कॉट ऑर्गन, रॉय ब्रूक्स ड्रम. बासवाल्याचं नावच नाही. पहिलं गाणं 'बाइया'.

---

फिली_मराठी, १०.४८

अहो, ही तर आमच्या गावची! 'लिटल मिस कॉट' म्हणजे शर्ली स्कॉट. स्कॉटमधला पहिला 'एस' काढला की कॉट उरतं. तुम्हाला तिच्या तबकड्या सापडत नव्हत्या, पण आहेत ढिगाने.

नाव का बदललं, तर करार. शर्ली तेव्हा प्रेस्टिज कंपनीशी बांधलेली होती आणि टरेंटाइन ब्लू नोटशी. त्यामुळे ब्लू नोटच्या तबकडीवर तिचं खरं नाव छापता येईना. गंमत म्हणजे त्याच जून १९६१ मध्ये तिने प्रेस्टिजसाठी 'हिप सोल' केली, तिच्यात सॅक्सोफोनवर हाच टरेंटाइन, आणि कव्हरवर त्याचं नाव 'स्टॅन टर्नर'. म्हणजे तिच्या तबकडीवर तो लपला आणि त्याच्या तबकडीवर ती. ड्रमवर दोन्हीकडे रॉय ब्रूक्स, आणि दोन्ही तबकड्या न्यू जर्सीत एंगलवूड क्लिफ्सला ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत झाल्या. शर्ली आणि टरेंटाइन पुढे कित्येक वर्षं नवरा-बायको होते, १९७१ ला वेगळे झाले.

जन्म १९३४, फिलाडेल्फिया. शाळेत ट्रम्पेट वाजवायची. नाव झालं ते सॅक्सोफोनवादक एडी 'लॉकजॉ' डेव्हिसच्या 'कुकबुक' तबकड्यांमुळे, १९५८ च्या. उतारवयात इथल्याच चेनी विद्यापीठात शिकवायची. २००२ मध्ये गेली.

भेट द्यायची तर 'हिप सोल' आधी. मामांना जोडी पूर्ण झाल्यासारखी वाटेल. त्यानंतर 'ब्लू फ्लेम्स'. टरेंटाइनच्या नावावरची 'हसलिन' सुद्धा, १९६४ ची, तिच्यात ऑर्गनला तीच आहे आणि तोवर खरं नाव छापायला लागले होते.

अवांतर: ऑर्गन म्हणजे फिलाडेल्फियाच. जिमी मॅकग्रिफ इथला, ट्रुडी पिट्स इथली, चार्ल्स अर्लंड इथला. नानांचा जिमी स्मिथसुद्धा शेजारच्या नॉरिसटाउनचा.

---

नाना_डोंबिवली, ११.१०

माहिती छान दिलीत. पण एक सांगतो, शर्ली स्कॉट ऑर्गनवर खर्ज स्वतः सांभाळत नसे. ती बासवाला बरोबर घ्यायची, 'हिप सोल' मध्येही आहे. जिमी स्मिथ डावा हात आणि पाय मिळून अख्खा बास उभा करायचा. खरं ऑर्गनवादन त्याला म्हणतात. मामांना ते ऐकवा.

---

तबकडीवेडा, ११.२२

नाना, वरची यादी पुन्हा वाचा. 'डिअरली बिलव्हड' वर तीनच माणसं: सॅक्सोफोन, ऑर्गन, ड्रम. बासवाला नाही. मग खालून जो खर्ज चालतो तो कोण वाजवतंय? तीच. बास घेणं ही तिची निवड होती, कमतरता नव्हे. बासवाला असला की डावा हात मोकळा राहतो आणि ती पियानोसारखे भरगच्च स्वरसमूह वाजवू शकते. त्यासाठीच तर मी तिला ऐकतो. स्मिथ मोठा आहे, वाद नाही. पण तिला त्याच्या मापाने मोजू नका.

---

अंतरा, ११.३०

सूरपेटी, कीबोर्ड कोणता आहे? ऑर्गनचा आवाज हवा असेल तर ड्रॉबार (आवाजाचा पोत बदलणाऱ्या सरकत्या दांड्या) असलेलाच घे, साध्या कीबोर्डवर तो गोलवा येत नाही. आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी सेकंडहँड घेतलेला वाजवते, सगळे विचारतात कुठून घेतला. माहिती हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

---

सूरपेटी, ११.४१

फिली_मराठी, खूप खूप आभार! मामाला इतकी वर्षं वाटतंय की ही कोणी एक तबकडी करून हरवलेली बाई आहे. 'हिप सोल' शोधते.

अंतराताई, नवा कीबोर्ड आता नको. बेसूरपणाचं कोणी सांगेल का?

---

बासरी_ते_सॅक्स, बुधवार, सकाळी ७.०५

भाऊ टेनर सॅक्सोफोन वाजवतो की त्याहून लहान, चढ्या आवाजाचा अल्टो? आणि त्याने गाणं कुठून उचललं?

---

सूरपेटी, ७.५०

अल्टो. तो नाशिकला असतो, ऑनलाइन ऐकून बसवलं.

---

बासरी_ते_सॅक्स, ८.०२

मग मिळालं उत्तर. अल्टो हे ई फ्लॅटचं वाद्य आहे. त्याच्या कागदावर सी लिहिलेला असतो, पण ऐकू येतो ई फ्लॅट. म्हणजे पेटीच्या भाषेत कागदावर पांढरी एक आणि कानावर काळी दोन. म्हणून कागद सारखे आणि आवाज वेगळे. तू (काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून) तीन पट्ट्या वर चढवून वाजव, जुळेल. कुणाचीच चूक नाही.

---

विद्युतदीप, ९.१५

तीन पट्ट्या चढवून जुळेल हे बरोबर, पण 'कुणाचीच चूक नाही' हे बरोबर नाही.

समजा मूळ सूर पांढरी चारचा आहे. भावाने अल्टोसाठी तो बरोबर उतरवला तर त्याच्या कागदावर पांढरी दोन येणार. ताईंनी तोच सूर ऐकला असता तर त्यांच्या कागदावर पांढरी चार यायला हवी होती. कागद वेगळे दिसले असते आणि वाजवताना जुळले असते. इथे कागद सारखे आहेत. म्हणजे ताईंच्या कानावरच सूर तीन पट्ट्या खाली पडतोय.

ताई, रेकॉर्ड प्लेअर भारतात घेतलेला आहे की बाहेरून आलेला?

---

सूरपेटी, ९.४०

अमेरिकेचा. मामा १९८९ मध्ये न्यू जर्सीहून परत आला तेव्हा तबकड्यांबरोबरच आणला. पण त्याला ट्रान्सफॉर्मर लावलेला आहे, २२० चे ११० होतात. एका दुकानात दाखवलाही होता, ते म्हणाले सगळं ठीक आहे.

---

विद्युतदीप, १०.०३

हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर काल रात्रीच सुटलं असतं!

ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, वारंवारता नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. रबरी पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या प्लेअरमध्ये बहुधा सिंक्रोनस मोटर असते, ती विजेच्या वारंवारतेबरोबर फिरते. तिथे मिनिटाला ३३⅓ फेरे मारणारी तबकडी इथे जेमतेम २८ मारणार.

आता गणित बघा. ६० भागिले ५० म्हणजे ६/५. आणि सा ते कोमल गंधार हे गुणोत्तर सुद्धा ६/५. तुमची तबकडी बरोबर एका कोमल गंधाराने उतरून वाजतेय, म्हणजेच पेटीवर तीन पट्ट्या. लयही तितकीच पडते, ५ मिनिटांचं गाणं ६ मिनिटं चालतं.

खात्री करायची असेल तर आज संध्याकाळी तबकडीच्या लेबलवर कडेला कागदाचा कपटा चिकटवा, घड्याळ लावा आणि एका मिनिटात किती वेळा समोरून जातो ते मोजा.

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही: शर्लीचं वाद्य हॅमंड ऑर्गन, आणि ते सुद्धा याच तत्त्वावर चालतं. आत ९१ दातेरी चाकं फिरतात आणि त्यातून स्वर निघतो. ती फिरवणारी मोटर सिंक्रोनस. लॉरेन्स हॅमंड मुळात विजेची घड्याळं बनवायचा, ती मोटर तिथूनच आली. त्यामुळे हा ऑर्गन तारेच्या वाद्यासारखा उतरत नाही. पण ६० हर्ट्झचा हॅमंड जसाच्या तसा इथल्या विजेवर लावला तर तोही कोमल गंधाराने खाली जाईल.

---

बासरी_ते_सॅक्स, १०.२०

बरोबर आहे तुमचं. कागद सारखे असणं हीच खूण होती, माझ्या लक्षात आलं नाही.

---

खरखर, १०.३५

पट्टा सैल झाला असेल तरी वेग पडतो. मोटरच्या मागे लागण्याआधी पट्टा बदलून बघा, स्वस्तात होतं.

---

विद्युतदीप, १०.४१

सैल पट्टा घसरतो, सूर डळमळतो. दर वेळी नेमका कोमल गंधार पडणार नाही. मोजल्यावर कळेलच.

---

सूरपेटी, संध्याकाळी ६.३८

मोजलं. तीन वेळा. २७ पूर्ण आणि २८ वा जवळजवळ, तिन्ही वेळा तेच.

आता काय? मामा इतकी वर्षं हे असंच ऐकतोय?? बाकी मराठी-हिंदी सगळं त्याच्याकडे कॅसेटवर आहे, या प्लेअरवर फक्त जॅझच्याच तबकड्या लागतात, म्हणून कुणाला कळलं नाही.

---

तबकडीवेडा, ६.५५

मोटरवरची पुली बदलून घ्या. ५० हर्ट्झसाठी वीस टक्के जास्त व्यासाची पुली लागते. कित्येक मॉडेलना दोन्ही पुल्या मिळायच्या, नाहीतर लेथवर करून मिळते. मामांना याहून चांगली भेट नाही.

---

विद्युतदीप, ७.१०

रविवारपर्यंत पुली होणार नाही. आत्तापुरतं, तबकडी संगणकावर रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पीड १.२ पट करा. टेम्पो नको, टेम्पो बदलला तर लय वाढते पण सूर खालीच राहतो. स्पीडमध्ये दोन्ही सुधारतात.

---

तबकडीवेडा, ७.२५

तसं केलं तर ध्वनीचा पोत थोडा बिघडतो. फोनो प्रीॲम्प (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारं उपकरण) खालच्या-वरच्या स्वरांची जी भरपाई करतो ती मूळ वेगासाठी ठरलेली असते, हळू वाजवून नंतर वेग वाढवला की ती चुकीच्या ठिकाणी लागते. व्हॅन गेल्डरचं काम असं ऐकू नये.

---

विद्युतदीप, ७.३३

त्यांना सराव करायचाय, संग्रहालयात ठेवायचं नाहीये.

---

फिली_मराठी, ७.५०

दोघांचंही ठेवा: आता ऑडॅसिटी, नंतर पुली. सूरपेटी, सराव खऱ्या वेगातच करा. 'बाइया' मूळ ब्राझीलचं, अरी बारोसोचं. लय पडली की त्यातलं नाचरेपण जातं.

---

नाना_डोंबिवली, ८.१५

तबकडीवेडा, काल रात्री तुमचं म्हणणं मनाला लागलं म्हणून आज दुपारी 'डिअरली बिलव्हड' अख्खी ऐकली. बास नाही हे ध्यानात ठेवून ऐकली. खर्ज ती चांगला सांभाळते, मी बोललो ते मागे घेतो. मामांना 'हिप सोल' द्या. जिमी स्मिथ मी त्यांना पुढच्या वाढदिवसाला सुचवेन.

---

सूरपेटी, सोमवार, सकाळी ८.२०

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

तीन पट्ट्या चढवून आणि खऱ्या लयीत वाजवलं. जलद लयीत माझा डावा हात दोनदा चुकला, पण सॅक्सोफोनशी सूर जुळला. मामा पहिल्या आठ मात्रांतच खुर्चीवरून पुढे झाला. नंतर म्हणाला, "तिकडे हे असंच जलद वाजायचं. इथे आल्यावर मला वाटायचं, तेव्हा आपणच तरुण होतो म्हणून जलद आठवतंय." मग मी त्याला २८ फेऱ्यांचं सांगितलं. त्याने प्लेअर उचलून आणायला लावला, सगळ्यांसमोर कपटा चिकटवला आणि स्वतः मोजले.

नावाचं कळल्यावर त्याने कव्हर काढून पेन्सिलीने 'कॉट' च्या आधी 'एस' लिहिला.

'हिप सोल' ची जुनी प्रत मिळाली नाही, सीडी दिली आहे. विद्युतदीप, पुलीसाठी मोटरच्या दांड्याचं माप कसं घ्यायचं? पुण्यात लेथवर असं छोटं काम कोण करतं ते कोणाला माहीत असेल तर व्यनि करा.

---

खरखर, ८.४५

माप घ्यायला प्लेअर उघडणारच आहात तर बेअरिंगला एक थेंब तेलही द्या. आणि सुई किती वर्षांची आहे ते अजून सांगितलं नाहीत.