मोल्ड चढवायला चेनब्लॉकच ठेवावा की इलेक्ट्रिक होइस्ट बसवावा?

साचेघर_भोसरी
इंजेक्शन मोल्डिंगची ३ मशीन आहेत. वर एकच मोनोरेल गर्डर, त्यावर हाताने ढकलायची पुश ट्रॉली आणि २ टनी चेनब्लॉक (हाताने साखळी ओढून भार उचलायचा). नेहमीचा मोल्ड ६००×५००×४०० मिमी, सगळ्यात मोठा अंदाजे दीड टन. दिवसाला २-३ मोल्डबदल. मोल्ड मशीनच्या टाय-बारवरून (आडव्या दांड्यांवरून) न्यायला जमिनीपासून अडीच मीटर उचलायचा आणि मग मीटरभर खाली सोडायचा. मालक म्हणतात, आहे त्याच गर्डरला २ टनी इलेक्ट्रिक होइस्ट लटकवा. फिटर म्हणतात, चेनब्लॉकवर मोल्ड बसतो तसा मोटरवर बसत नाही. कुणाचं ऐकावं?

गियर_आणि_गर्डर
हे टनावर ठरत नाही. दिवसात किती वेळा आणि किती मीटर उचलता, त्यावर ठरतं.

२ टनी चेनब्लॉकला हुक १ मीटर वर जायला हातसाखळी साधारण ६५ मीटर ओढावी लागते. तुमचा एक बदल म्हणजे जुना मोल्ड १ मीटर वर आणि अडीच खाली, नवा अडीच वर आणि १ खाली. एकूण ७ मीटर, म्हणजे साडेचारशे मीटर साखळी. उतरवतानाही तेवढीच ओढावी लागते, फक्त जोर कमी. माणूस मिनिटाला २५ मीटर ओढतो असं धरा, १८ मिनिटं नुसती साखळी. मिनिटाला ४ मीटरच्या होइस्टला हेच काम दोन मिनिटांच्या आत. आठवड्यातून एखादा बदल असता तर होइस्टचं नावही काढू नका म्हटलं असतं. रोज ३ असतील तर मालकांचं बरोबर आहे.

पण फिटरही खोटं बोलत नाहीत. मिनिटाला ४ मीटर म्हणजे सेकंदाला ६७ मिमी. बटण नुसतं टेकवलं तरी मोल्ड दोन बोटं खाली जातो आणि लोकेटिंग रिंग (मोल्ड मध्यावर बसवणारी कडी) प्लॅटनच्या, म्हणजे मोल्ड धरणाऱ्या प्लेटच्या, भोकाला धडकते. चेनब्लॉकवर वीतभर साखळी ओढली की हुक जेमतेम साडेतीन मिमी हलतो. म्हणून सिंगल स्पीड घेऊच नका. डबल स्पीडची हळू गती मिनिटाला १ मीटर असली तरी ते सेकंदाला १७ मिमी होतात. मोल्डसाठी व्हीएफडीवाला (मोटरची गती कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हचा) होइस्ट घ्या, खालची गती आणखी कमी लावता येते.

आणि वजन अंदाजे नको. तुमचा नेहमीचा मोल्ड ०.१२ घनमीटर, पोलाद घनमीटरला ७,८५० किलो, भरीव धरला तर ९४० किलो. मोठ्याचाही असाच हिशेब काढा आणि मोल्डवर पंच करून ठेवा.

पॅनलवायरमन
इलेक्ट्रिक घेणार असाल तर फेज सिक्वेन्स रिले (फेजचा क्रम उलटला तर होइस्ट चालू न देणारा) आधी लिहून घ्या, रंग नंतर ठरवा. ट्रान्सफॉर्मरवर किंवा मेन पॅनलमध्ये कुणी दोन फेज अदलाबदल केले की ‘खाली’ दाबल्यावर हुक वर जातो. हुक वरच्या टोकाला थांबवणारा लिमिट स्विच ‘वर’च्या कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) सर्किटमध्ये असतो, त्यामुळे तो उघडला तरी मोटर थांबत नाही. हुकब्लॉक रोप गुंडाळणाऱ्या ड्रमवर आदळतो आणि रोप (तारदोर) तुटतो. रोज पाळी सुरू होताना रिकामा हुक हळू वर नेऊन लिमिट कापतो का, एवढं बघायचं.

सतत टकटक बटण मारून कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटतात. मग बटण सोडलं तरी होइस्ट चालूच. म्हणून पेंडंटवर (लोंबत्या बटणपेटीवर) लाल इमर्जन्सी बटण हवं आणि त्याने मेन कॉन्टॅक्टर पडला पाहिजे. पेंडंटमध्ये ४१५ व्होल्ट नेणारे स्वस्त होइस्ट अजून मिळतात. ११० किंवा ४८ व्होल्टचा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर नसेल तर परत पाठवा.

ब्रेकचं लायनिंग झिजलं की आर्मेचर (कॉइल ओढते ती ब्रेकची चकती) आणि कॉइलमधला गॅप वाढतो, ब्रेक पूर्ण सुटत नाही आणि मोटर त्याच्याशी भांडत जळते. रिवाइंडिंग करून आणली तरी गॅप न लावता बसवली तर पुन्हा जळणारच.

साखळदंड
चेनब्लॉक विकू नका, वीज गेली की तोच कामाचा. पण त्यालाही बघायला लागतं. आतल्या फ्रिक्शन डिस्क कोरड्या असतील तर तिथे तेल गेलं की भार घसरतो. हेल्पर ‘वंगण’ म्हणून वरून तेल ओततात, ते आधी बंद करा. तेल लागतं ते भाराच्या साखळीला. खटक्याची स्प्रिंग गेली की टकटक आवाज येत नाही. तो आवाज थांबला की ब्लॉक उतरवायचा. हातसाखळी दोघांनी ओढावी लागली तर भार जास्त आहे किंवा ब्लॉक आत अडलाय. हुकच्या तोंडाचं माप नवा असतानाच लिहून ठेवा, ५ टक्के उघडला की बाद.

तिरका ओढ दोन्हीला वर्ज्य. रोप होइस्टमध्ये रोप ड्रमच्या खाचेतून उडी मारतो आणि रोपगाइड फुटतं.

साचेघर_भोसरी
गर्डर चेनब्लॉकसाठीच बसवला होता. आयएसएमबी (आय आकाराचा पोलादी बीम) आहे, तो पुरेल ना?

गियर_आणि_गर्डर
न तपासता नाही. आयएस ८७५ भाग २ (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक) मध्ये हातक्रेनला चाकावरच्या भारावर १० टक्के इम्पॅक्ट (झटक्याचा जादा भार) धरतात, इलेक्ट्रिकला २५. २ टनी चेनब्लॉक स्वतः २५ किलोच्या आसपास, रोप होइस्ट अडीचशेच्या घरात. हातवाल्याचे साधारण २.२ टन, इलेक्ट्रिकचे २.८. त्याच गर्डरवर पाव पट जास्त. स्ट्रक्चरलवाल्याकडून गर्डर, ब्रॅकेट आणि त्याचे बोल्ट तपासून लेखी घ्या. इलेक्ट्रिक चेन होइस्ट बराच हलका असतो, रोपऐवजी तो घेतला तर थोडी सोय होते.

गर्डर पास झाला तर उचल मोटरने आणि ट्रॉली हातानेच ढकलायची ठेवा. सी-ट्रॅकवर (सी आकाराच्या रुळावर) लोंबती केबल पुरते, बसबार (वीज नेणारी पट्टी) नको. नापास झाला तर गर्डर बदलेपर्यंत चेनब्लॉकवरच चालवा. कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम २९ पासून चालत आलेली १२ महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी दोन्हीला सारखीच, हाताचा म्हणून सूट नाही. स्लिंग आणि शॅकलही त्यातच येतात.