आईसाठी ब्रेन ट्रेनिंग अ‍ॅप, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आई 71 ची, परवा आमटीत दोनदा मीठ घातलं आणि मलाच विचारते मी घातलं का गं, मोका टेस्टला (स्मरणशक्ती, लक्ष वगैरे तपासणारी चाचणी) 30 पैकी 22 आले, डॉक्टर म्हणाले डिमेन्शिया नाही, माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट आहे, म्हणजे वयाच्या मानाने विसरणं जरा जास्त, पण रोजचं आपलं आपण जमतं. टॅबवर ब्रेन ट्रेनिंग सुरू करावं का? डब्ल्यूएचओच्या 2019 च्या गाइडलाइनमध्ये अशांना कॉग्निटिव्ह ट्रेनिंग (स्मरणशक्ती, लक्ष वगैरेचा सराव) देता येईल असं आहे, पण 2016 मध्ये अमेरिकेत ल्युमोसिटी या ब्रेन ट्रेनिंग अ‍ॅपवाल्यांना फसव्या जाहिरातींपायी 20 लाख डॉलर भरावे लागले हेही वाचलंय, म्हणून पैसे भरायला धीर होत नाही. त्यात सूचना इंग्रजीत, आई गोंधळते आणि टॅब पालथा ठेवून देते. मराठीतलं काही वापरलंय का कोणी? गेमचा स्कोअर वाढतो हो, पण गोळ्या आठवणीने घेणं वगैरे रोजच्यात फरक पडला का, प्लीज खरं सांगा.