अनुभव धागा : मैदानावरची ज्योत आणि घरातला टीव्ही

उंबरठा
परवा वडील रिमोटचे बटण दाबण्याचा प्रयत्न करत होते. हात थरथरत असल्यामुळे आवाज वाढवायला जावे तर वाहिनीच बदलत होती, आणि दर वेळी ते माझ्याकडे पाहून थोडेसे ओशाळत होते. त्यांना कंपवात असल्याचे कळून आता तीन वर्षे झाली. त्यांचा तो हात पाहताना मला एकाएकी १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा आठवला.

तिकडे १९ जुलैची रात्र होती आणि आपल्याकडे २० तारखेची सकाळ झालेली होती. ज्योत कोण पेटवणार हे आयोजकांनी शेवटपर्यंत गुप्त ठेवले होते. जलतरणपटू जॅनेट इव्हान्स मशाल घेऊन चढण चढून वर आली आणि पांढऱ्या कपड्यांतला एक धिप्पाड माणूस अचानक तिच्यासमोर उभा राहिला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, त्यामुळे तो कोण हे मला समजले नाही, वडील मात्र खुर्चीतून उठून उभेच राहिले आणि "अली!" एवढेच म्हणाले. मुहम्मद अली यांचा हात इतका कापत होता, की मी वडिलांना विचारले, "त्यांना थंडी वाजते आहे का?" वडिलांनी उत्तर दिले नाही. १९६० साली रोमला सुवर्णपदक जिंकणाऱ्या या मुष्टियोद्ध्याला १९८४ मध्येच कंपवाताचे निदान झाले होते, हे मी पुढे कधीतरी वाचले.

परवा मी मुकाट्याने रिमोट घेतला आणि आवाज वाढवून दिला. आठवणीबद्दल मात्र त्यांच्याशी बोललो नाही. असा एखादा सोहळा आपण टीव्हीवर कधी आणि कोणाबरोबर पाहिला, आणि त्यातले नेमके काय मनात राहिले, ते कृपया इथे लिहावे.

नकाशावेडी
आपल्या वडिलांना लवकर आराम वाटो. माझी आठवण संचलनाची आहे. लहानपणी मी मांडीवर नकाशांचे पुस्तक आणि हातात वही घेऊन बसत असे. एकेक देश आला, की त्याचा ध्वज वहीत काढायचा आणि पुढचा देश कोणता येईल याची भावाशी पैज लावायची. ग्रीस सर्वांत आधी, यजमान सर्वांत शेवटी आणि मधले सगळे यजमानांच्या लिपीच्या क्रमाने, एवढे आम्हाला पाठ होते.

२००८ साली बीजिंगने आमचे सारे गणित उधळले. ग्रीसच्या पाठोपाठ गिनीचे पथक आले, तेव्हा भावाला वाटले की निवेदकच चुकला. चिनी लिपीत देशाचे नाव लिहिताना पहिल्या अक्षरात किती रेघा ओढाव्या लागतात, त्यावर तो क्रम ठरला होता. एरवी सुरुवातीलाच येऊन जाणारा ऑस्ट्रेलिया त्या रात्री जवळजवळ शेवटी आला. तोपर्यंत भाऊ सगळ्या पैजा हरून झोपी गेला होता. ती वही आजही माझ्याकडे आहे, आणि त्यातले निम्मे ध्वज चुकीचे रंगवलेले आहेत.

घड्याळजी
आपल्या भावाशी मी पूर्ण सहमत आहे. दोनशेहून अधिक पथके चालत जाणार म्हटल्यावर माणसाने झोपायचे नाही तर काय करायचे? मी आजवर सहा सोहळे पाहिले आणि त्यांपैकी पाचांमध्ये आपले पथक आले तेव्हा मला डुलकी लागलेली होती. सहाव्या वेळी मी जागा होतो, परंतु नेमक्या त्याच क्षणी वाहिनीने जाहिरात लावली.

कोपऱ्यातला
बार्सिलोना, १९९२. धनुर्धराने पेटता बाण सोडला, तो थेट कुंडात जाऊन पडला आणि ज्योत भडकली. यापेक्षा थरारक दृश्य मी आयुष्यात पाहिलेले नाही. आमच्या घरी त्या दिवशी पाहुणे होते आणि बाण सुटल्यावर सगळ्यांनी एकदम श्वास रोखल्याचे मला अजून ऐकू येते. श्वास रोखलेला ऐकू कसा येतो, असे कोणी विचारू नये.

शंकेखोर
क्षमा असावी, पण तो बाण कुंडात पडला नव्हता. तो मुद्दामच कुंडाच्या वरून, बाहेर सोडलेल्या वायूतून जाईल असा मारला होता. वायूने पेट घेतला आणि बाण पुढे मैदानाच्या बाहेर जाऊन पडला. समोरच्या कोनातून मात्र तो आत पडल्यासारखाच दिसतो. धनुर्धर अंतोनिओ रेबोयो यांना लहानपणी पोलिओ झाला होता आणि ते पॅरालिंपिकमध्ये पदके मिळवलेले खेळाडू होते. माझ्या मते, बाण बाहेर पडल्यामुळे त्यांच्या कामगिरीला काडीचेही उणेपण येत नाही.

कोपऱ्यातला
इतकी वर्षे ही गोष्ट मी मुलांना अभिनयासह सांगत आलो. आज रात्री जेवताना दुरुस्ती जाहीर करावी लागेल, आणि मुले मला सोडणार नाहीत.

पानगळ
माझी आजी शेवटच्या वर्षांत जवळजवळ काहीच पाहू शकत नव्हती, परंतु टीव्हीपुढची तिची जागा तिने सोडली नाही. सिडनीचा सोहळा आपल्याकडे १५ सप्टेंबर २००० च्या भरदुपारी होता. घरात आम्ही दोघेच होतो आणि पडद्यावर जे दिसेल ते मी तिला सांगायचे, असा करार झाला होता. घोडेस्वार आले, लहान मुलगी उंच हवेत तरंगली, हे सारे मी सांगत गेलो आणि ती मान डोलवत राहिली. उत्तर आणि दक्षिण कोरियाचे खेळाडू एकाच ध्वजामागे चालत आले, तेव्हा कोण हे दोघे, कधी वेगळे झाले, का झाले, असे तिने इतके खोदून विचारले, की पुढची चार-पाच पथके आमची सुटलीच. सगळे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे भाऊबंदकी आहे. एक दिवस तरी एका अंगणात आले ना, पुरे झाले."

मग ऑस्ट्रेलियाची धावपटू कॅथी फ्रीमन पाण्यात उभी राहिली, तिने मशाल टेकवली आणि तिच्याभोवती आगीचे कडे वर उठले. मी भारावून सांगत होतो. ते कडे आता धबधब्यावरून वर सरकत जाणार होते, पण यंत्रणा अडकली आणि साधारण चार मिनिटे काहीच हलले नाही. फ्रीमन ओल्या कपड्यांत मशाल घेऊन तशीच शांत उभी होती. इकडे आजी "पुढे काय झाले?" म्हणून विचारत होती, आणि रिकामी जागा भरायची म्हणून मी आकाशात पक्षी उडवले, लोकांना नाचवले, एक हत्तीदेखील आणला. आजीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "यंत्र बंद पडले असेल तर तसे सांग. हत्ती कशाला आणतोस?"

उंबरठा
पानगळ, आपला हत्ती मी वडिलांना वाचून दाखवला. ते बऱ्याच दिवसांनी इतके मोकळेपणी हसले.

करडा पडदा
हत्तीवरून आठवले. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांचे बोधचिन्ह अप्पू नावाचा हत्तीच होता. त्या वर्षी आपल्या देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि १९ नोव्हेंबरच्या उद्घाटनाविषयी जो तो रंगांबद्दलच बोलत होता. आमचा संच कृष्णधवल होता. आम्ही भावंडांनी प्रत्येक पथकाच्या पोशाखाचा रंग मतदानाने ठरवला, आणि मतभेद झाल्यास आईचे मत अंतिम मानले. पुढे अनेक वर्षांनी मी त्या सोहळ्याची रंगीत चित्रे पाहिली, तेव्हा ती मला खोटी वाटली.

शंकेखोर
खोटेपणाचा विषय निघालाच आहे, म्हणून मनातली सल लिहितो. बीजिंगला आकाशात दारूकामाची २९ पावले उमटत मैदानाकडे चालत आली, ती पाहून मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या होत्या. नंतर समजले की प्रत्यक्षात दारूकाम झाले होते हे खरे, पण टीव्हीवर आम्ही पाहिलेल्या चित्रीकरणातला मोठा भाग आधीच संगणकावर तयार केलेला होता. गाणारी चिमुरडीदेखील केवळ ओठ हलवत होती आणि आवाज दुसऱ्याच मुलीचा होता. मैदानातल्या माणसाला खरे दिसावे आणि घरी बसलेल्याला बनवलेले, हा न्याय मला अजूनही पटत नाही. सिडनीचे चार मिनिटे अडकलेले कडे मला म्हणूनच अधिक प्रिय आहे.

नकाशावेडी
पण त्याच रात्री २००८ वादक एका हाताने मारल्यासारखे ताल धरत होते, ते तर खरे होते ना? एका गोष्टीसाठी सगळा सोहळा रद्द करू नये, अशी माझी विनंती आहे.

शंकेखोर
वादक मान्य. पावले अमान्य.

रात्रपाळी
मी परिचारिका आहे. २३ जुलै २०२१ रोजी टोकियोचा सोहळा झाला, तेव्हा मी स्वतः आजारी पडून घरातल्याच एका खोलीत बंद होते. बहीण भिंतीपलीकडे तोच कार्यक्रम पाहत होती आणि आम्ही फोनवर बोलत होतो. तिच्याकडे चित्र माझ्यापेक्षा काही सेकंद आधी पोचत असल्यामुळे ती प्रत्येक वेळी "आता बघ" म्हणायची आणि मला ते पुढे दिसायचे. खेळ एक वर्ष लांबले होते आणि प्रेक्षागृह जवळजवळ रिकामे होते. १८२४ ड्रोननी आकाशात पृथ्वीचा गोल केला, त्याचे सर्वांनी कौतुक केले, आणि ते योग्यच होते. मला मात्र सुरुवातीचे एक दृश्य विसरता येत नाही. अंधारात एकच तरुणी धावपट्टीच्या यंत्रावर एकटी धावत होती. ती मुष्टियोद्धा होती आणि पेशाने परिचारिका होती, असे निवेदकाने सांगितले. बहीण पलीकडून "आता बघ" म्हणाली आणि नंतर बराच वेळ आम्ही दोघीही काही बोललो नाही.

घड्याळजी
ताई, आपल्या कामाबद्दल मनापासून आभार. या सोहळ्यात मी जागा होतो, कारण झोप आणणारी गर्दीच नव्हती.

निशाचर
पॅरिसबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. २६ जुलै २०२४ च्या रात्री अकरा वाजता मी मोठ्या उत्साहाने बसलो आणि पहिल्या तासात चिडलो. खेळाडू मैदानात चालत येण्याऐवजी सेन नदीतून नौकांत बसून येत होते. एका नौकेवर अनेक देश असल्याने कोण कोणते हे ओळखेपर्यंत ती पुढे जात होती. शिवाय मुसळधार पाऊस. कॅमेऱ्याच्या भिंगावर थेंब साचून निम्मे दृश्य पुसट झाले होते. दक्षिण कोरियाची ओळख उत्तर कोरिया अशी करून दिली गेली, तेव्हा पानगळ यांच्या आजींनी काय म्हटले असते, कोण जाणे.

पण शेवटी चाकांच्या खुर्चीत बसलेले शंभर वर्षांचे शार्ल कोस्त दिसले. १९४८ साली लंडनला सायकलिंगमध्ये सुवर्णपदक मिळवलेला हा माणूस पावसात ज्योत धरून वाट पाहत होता. त्यांनी ती ज्युडोपटू टेडी रिनेर आणि धावपटू मारी-जोझे पेरेक यांना दिली, आणि मी रागवायचे विसरलो. फुग्याला बांधलेले कुंड वर गेले, त्यात खरी आग नव्हतीच, पाण्याचे तुषार आणि दिव्यांचा प्रकाश एवढेच होते.

कोपऱ्यातला
आग नव्हती? या धाग्यावर आज माझे काय काय जाणार आहे?

मंदगती
मोजकेच लिहिते. रिओ, २०१६. ज्योत पेटवली व्हांदेरलेई दि लिमा यांनी. अथेन्सच्या मॅरेथॉनमध्ये ते आघाडीवर असताना एका प्रेक्षकाने त्यांना ढकलले होते आणि त्यांना कांस्यपदकावर समाधान मानावे लागले होते. ती धाव मी २००४ मध्ये पतीबरोबर पाहिली होती. ज्योत मी एकटीने पाहिली.

उंबरठा, मोठ्या बटणांचे रिमोट मिळतात. माझ्या पतीसाठी मी आणला होता, त्याचा खरोखर उपयोग झाला.

उंबरठा
मंदगती, आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही. रिमोट आजच मागवला.

काल रात्री मी वडिलांना अटलांटाचे ते चित्रण पुन्हा दाखवले. अली यांनी ज्योत पेटवेपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू तेव्हा थंडीचे विचारले होतेस." मी हो म्हणालो. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिले आणि म्हणाले, "त्याचे बरे होते. त्याला एकदाच पेटवायची होती. मला रोज बातम्या लावायच्या असतात."