मदत हवी आहे: वेलनेस फेस्टिव्हलला ताईला कुठल्या कार्यशाळांना नेऊ, कुठल्या टाळू?

दुपारची_झोप

नमस्कार मंडळी,

एरवी मी वाचनमात्र असते, पण आज अडलेय म्हणून धागा काढतेय. लांबलचक झालाय, सांभाळून घ्या.

माझी थोरली बहीण, वय ५२. दीड वर्षापूर्वी भाऊजी अचानक गेले. तेव्हापासून तिची झोप उडालीय. रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच. बीपीची आणि थायरॉइडची गोळी चालू आहे. विशीत तिला दोनदा फिट आली होती, नंतर कधीच नाही. त्यावरचं औषधही डॉक्टरांनी केव्हाच थांबवलं. हे मुद्दाम सांगतेय.

तिने तीन दिवसांच्या एका वेलनेस फेस्टिव्हलला नाव नोंदवलंय, आणि मला न विचारता माझंही. कार्यक्रमपत्रिका बघून मला घाम फुटला. रेकी (हातांतून 'ऊर्जा' देण्याचा उपचार), साउंड बाथ (आडवं पडून गाँग आणि धातूच्या वाडग्यांचे नाद ऐकायचे), योगनिद्रा, चक्रसंतुलन, अरोमाथेरपी, 'आतल्या लहान मुलाची भेट', रात्री उशिरा मुक्तनृत्य आणि 'श्वासातून जुन्या जखमा मोकळ्या करा' अशी दोन तासांची ब्रेथवर्क कार्यशाळा. ताईने हिरव्या स्केचपेनने अकरा चौकोन रंगवलेत. शनिवारी सकाळी दहा वाजता ती एकाच वेळी दोन तंबूंत असणार आहे.

धास्ती आहे ती ब्रेथवर्कची. दोन वर्षांपूर्वी मी एके ठिकाणी केलं होतं. तोंडाने भरभर श्वास, न थांबता. पंधरा-वीस मिनिटांनी ओठ बधिर झाले, दाढ काढल्यावर होतात तसे. मग बोटं आपोआप जुळली, अंगठा तळव्यात वळला आणि हात कोंबडीच्या पायासारखा आखडला. उघडता येईना. मार्गदर्शक बाई कानाशी येऊन म्हणाल्या, "साचलेलं बाहेर पडतंय, थांबू नका." मी थांबले नाही, कारण थांबायची लाज वाटली. गंमत अशी की त्या रात्री मला महिन्यातली सगळ्यांत गाढ झोप लागली. त्यामुळे ते सगळं खोटं होतं असंही मला छातीठोक म्हणता येत नाही.

माझ्या हाताला नक्की काय झालं होतं? ताईला हे चालेल का? बाकीच्यांतलं काय बिनधास्त करावं, आणि आयोजकांना आधी काय विचारावं? तिचा हिरमोड करायचा नाहीये. दीड वर्षात पहिल्यांदा तिने स्वतःहून काहीतरी ठरवलंय.

तर्कट

सगळ्या तंबूंना लांबून नमस्कार करा आणि तीन दिवस घरी झोपा. (हलके घ्या.)

आता गंभीरपणे. १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक छोटासा प्रयोग छापून आला. एमिली रोझा नावाच्या मुलीने तो केला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. अंगाला हात न लावता 'ऊर्जाक्षेत्र' चाचपणाऱ्या २१ उपचारकांना तिने पुठ्ठ्याच्या आडोशातून दोन्ही हात पुढे काढायला लावले आणि विचारलं, माझा हात तुमच्या कुठल्या हातावर आहे? २८० प्रयत्नांत ४४ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर निम्मी तरी आली असती. ते लोक 'थेरप्युटिक टच'वाले होते, रेकीवाले नव्हे, हे मान्य. पण चुलतभावंडंच ती.

पाटीपेन्सिल

मी ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख) विभागात तंत्रज्ञ आहे, त्यामुळे हात आखडण्याबद्दल बोलू शकते. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

भरभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने उतरतो. रक्त नेहमीपेक्षा अल्कधर्मी होतं, आणि मग त्यातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना चिकटून बसतं. ते कमी झालं की नसा उगाचच पेटतात. ओठांना मुंग्या, बोटं जुळून अंगठा आत, मनगट वाकलेलं, हे त्याचंच ठरलेलं चित्र. मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकुंचन पावतात, म्हणून गरगरतं, अंधुक दिसतं, 'वेगळ्याच जगात' गेल्यासारखं वाटतं. श्वास सावकाश केला की काही मिनिटांत हात सुटतो. साचलेलं दुःख बोटांत येऊन बसलं होतं असं समजायचं काही कारण नाही.

आता ताईंचं. ईईजी काढताना आम्ही पेशंटला मुद्दाम तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतो. का? तर फिटची प्रवृत्ती लपलेली असेल तर ती या श्वासाने आलेखावर दिसू शकते. शेजारी माणूस उभा असतो, औषध हाताशी असतं. आमची तीन मिनिटं, तुमची तंबूतली दोन तासांची. तीस वर्षं काही झालं नसलं तरी मेंदूच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी माझ्या बहिणीला बसू दिलं नसतं.

ज्या मूळ पद्धतीवरून हे बरंचसं आलंय ते होलोट्रॉपिक ब्रेथवर्क. स्टानिस्लाव्ह आणि क्रिस्टिना ग्रोफ यांनी १९७०च्या दशकात ते घडवलं. त्या पद्धतीतही अपस्मार, हृदयविकार, काचबिंदू, गर्भारपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असं काही असेल तर माणसाला बसवत नाहीत, आणि प्रत्येकाजवळ एक सोबती ठेवतात. म्हणजे ज्यांनी ते सुरू केलं त्यांनीच धोका ओळखला होता. आरोग्याचा फॉर्म न भरून घेता सरसकट सगळ्यांना आडवं करणारा माणूस दिसला तर तिथूनच मागे फिरा.

आणखी एक, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अरोमाथेरपीच्या बंद तंबूत कापूर, निलगिरी किंवा रोझमेरीचं तेल दरवळत असेल तर आत जाऊ नका. या तेलांचा फिटशी संबंध जुनाच आहे. मुक्तनृत्याला लुकलुकणारे दिवे आहेत का ते विचारा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जागरण. फिटला निमंत्रण द्यायला अपुरी झोप पुरते.

शवासन_पुरे

मी स्वतः अशा फेस्टिव्हलांत योगनिद्रा घेतो, त्यामुळे माझं मत थोडं पक्षपाती समजा.

योगनिद्रेत फारसं काही करायचंच नसतं. आडवं पडायचं आणि आवाज सांगेल तिथे लक्ष न्यायचं: उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, असं अंगभर. बिहार योग विद्यालयाच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी ही आजची मांडणी केली. श्वासाशी खेळ नाही, कसरत नाही. ताईंसाठी मी यापासूनच सुरुवात केली असती. फक्त दोन गोष्टी. दुःखातला माणूस अंधारात शांत पडला की कधीकधी रडू फुटतं, तेव्हा दाराजवळची जागा घ्या. डोळे उघडे ठेवले तरी चालतात, उठून गेलं तरी चालतं. मी हे सुरुवातीलाच सांगतो, सगळे सांगत नाहीत. दुसरं, बीपीची गोळी चालू असेल तर संपल्यावर ताडकन उठू नका. कुशीवर वळा, बसा, मग उभे राहा. घेरी येऊन पडलेले मी पाहिलेत.

साउंड बाथला गाँगपासून लांब झोपा. वाडगे मवाळ असतात. पाणी भरून कड घासली की पाण्यावर बारीक काटे उभे राहतात, बघायला मजा येते. पण मोठा गाँग दोन हातांवर असला की तो आवाज छातीत शिरतो. कुणी अंगावर वाडगा ठेवायला आलं तर आधी विचारायला हवं. न विचारता ठेवला तर सरळ 'नको' म्हणा.

तर्कटराव, एमिलीचा प्रयोग मला मान्य आहे. जपानमध्ये मिकाओ उसुईंनी १९२२ मध्ये रेकी सुरू केली तेव्हापासून आजवर ती ऊर्जा कुणी मोजलेली नाही, आणि मी तिचा प्रचारकही नाही. पण अर्धा तास कुणीतरी आपल्याकडे, फक्त आपल्याकडे लक्ष देतंय, याला काहीच किंमत नाही असं मी म्हणणार नाही. त्यातून कर्करोग बरा होतो असं म्हणाल तर मात्र मी तुमच्या बाजूला येऊन बसेन.

तर्कट

बसा, जागा आहे. 'गोळ्या बंद करा' असं जिथे ऐकू येईल तिथून चप्पल घालून निघायचं, एवढं तरी दोघांचं एकमत धरू या.

पाटीपेन्सिल

+१. थायरॉइडची गोळी पहाटेच्या सत्राच्या गडबडीत हमखास राहते. उपाशीपोटी घ्यायची असते, त्यामुळे उशाशीच ठेवा.

रिकामी_खुर्ची

तीन वर्षांपूर्वी बायको गेली. तुमचा धागा वाचून लॉगिन केलं.

मीही अशाच एका ठिकाणी गेलो होतो. रेकीच्या बाईंनी खांद्यांवर हात ठेवले आणि माझ्या लक्षात आलं की आठ महिन्यांत मला कुणी हातच लावला नव्हता. दंतवैद्य सोडून. ऊर्जा वगैरे मला काही कळली नाही, पण खांदे गरम झाले होते एवढं आठवतं.

वाईट अनुभव 'दुःखाचं वर्तुळ' नावाच्या सत्राचा. चाळीस अनोळखी माणसं, माइक फिरत फिरत येणार. माझ्याकडे आला तेव्हा मी तो नुसता धरून उभा राहिलो. कुणी काढूनही घेईना. शेवटी शेजारच्या मुलाने घेतला. 'आतल्या लहान मुला'च्या सत्रात असं काही असेल तर आधी विचारा, गप्प बसायची मुभा आहे का.

रविवारी संध्याकाळी सगळे भरून आलेले असतात, नेमकं तेव्हाच 'पुढच्या स्तरा'चे अर्ज हातात देतात. ताईंना म्हणावं, पंधरा दिवस कशावरही सही करायची नाही.

आणि एक विचारू? अकरा चौकोन तिने का रंगवले, हे तिला विचारलंत का?

दुपारची_झोप

सगळ्यांचे आभार. दोन दिवस उत्तर देता आलं नाही, कारण रिकामी_खुर्ची यांचा शेवटचा प्रश्न घेऊन ताईकडे गेले होते.

विचारलं नव्हतं, खरंच. ती म्हणाली, "अगं, रिकामा तास राहिला की तुम्ही सगळे येऊन विचारता, कशी आहेस. तिथे कुणी विचारणार नाही." मग आम्ही दोघी जरा वेळ त्या कागदाकडे बघत बसलो. शनिवारचा दहा वाजताचा घोटाळा तिला माझ्याआधीच दिसला होता म्हणे, तो तिने तसाच ठेवला होता.

पाटीपेन्सिल, तुमचा ईईजीचा परिच्छेद तिला वाचून दाखवला. ब्रेथवर्कवर तिने स्वतःच काट मारली. तरीही डॉक्टरांना विचारणार आहोत, पण सध्या ते नाहीच. रात्रीचं नृत्य गेलं, अरोमाथेरपी गेली. योगनिद्रा तिन्ही दिवस, साउंड बाथ एकदा, रेकी एकदा. आतल्या लहान मुलाचं अजून अधांतरी आहे. आयोजकांना तीन प्रश्न पाठवलेत: प्रथमोपचाराला कोण असतं, मध्येच उठून जाता येतं का, आणि माइक फिरतो का. पहिल्या दोहोंची उत्तरं आली, नीट आली. माइकबद्दल 'संबंधित मार्गदर्शकांना विचारून कळवतो' असं आलंय.

मधले रिकामे तास आम्ही वेगवेगळे घालवायचं ठरवलंय. मी तिला काहीही विचारणार नाही, ही अट आहे.

शवासन_पुरे, एक शेवटची शंका. गाँगसाठी इअरप्लग न्यावेत का? की मग ऐकायला जाण्यात अर्थच नाही?

शवासन_पुरे

न्या. फोमचे चालतात. आधी सैल बसवा, गाँगवाला उभा राहिला की आत ढकला.